हात जागेवर येतो तेव्हा

राजारामपुरीतल्या दवाखान्यात माझ्या शेजारी हुपरीचे एक म्हातारे चांदी कारागीर आणि त्यांची संशोधन करणारी नात नंबराची वाट बघत बसले होते.

"आज्जा, डॉक्टरांनी काम बंद करा म्हटलं तर करायचं. कधीपासनं कापतोय हात?"

"दोन वरीस झाली की."

"आणि तसंच पैंजणाला घुंगरू जोडत होता?"

"हात कापतोय तर कापू द्यायचा. डुलत डुलत घुंगरू आपसूक जागेवर येतंय. तेवढ्यात डाग देऊन जोडायचं, बास."

"आमच्या लॅबमधली यंत्रं अशीच चालतात, आज्जा. केसापेक्षा बारीक. साध्या उबेनंसुद्धा सारखी थरथरतात. आधी आम्ही त्यांना थांबवायला बघत होतो."

"थांबली?"

"कुठली! मग स्नायूकडनं शिकलो. स्नायूत लाखो बारीक हात असतात आणि सगळे थरथरतात. थरथरत जरा पुढं गेलं की तेवढं धरून ठेवायचं."

"म्हंजे माझ्या हातात आत अजून हात हायत?"

"हायत की."

"झोपल्यावर बी कापत्यात?"

"झोपल्यावर बी. जन्मल्यापासनं."

"मग माझा हात इतकी वर्षं गप कसा ऱ्हायला?"

"एकेकटा भरवशाचा नसतो, आज्जा. पण एकानं सोडलं की दुसऱ्यानं धरलेलं असतंय."

"व्हय. तुझी आज्जी होती तवर घुंगरू ती धरायची."