ज्या ओळीची झील आली नाही

मंडळी, ऐका! आज प्रश्न आधी विचारतो, उत्तर मागाहून. ज्याच्या घरचं अन्न खाल्लं, ज्याच्या पायाशी बसून विद्या घेतली, त्याचीच ओळ चुकली — तर मागे उभं राहणाऱ्याने ती उचलावी, की सोडावी?

काय म्हणता, काका? "सोडावी"? वा! घरी सूनबाईंनी सोडली म्हणजे विचारीन पुन्हा!

तर ऐका. गाव कुठलं ते सांगत नाही. तिथले दोघे इथे बसलेत, आणि आजचा नारळ त्यांच्याच हातात आहे! त्या गावात दिगंबरबुवा नावाचे कीर्तनकार होते. आवाज खणखणीत. त्यांच्या मागे झील धरायला त्यांचा भाचा, श्रीपाद. आईबाप लहानपणीच गेलेले. मामाने घरी आणला, जेवू घातला, शिकवला, आणि हातात झांजा दिल्या.

झीलकरी म्हणजे काय, ते बघायचंय? हे आमचे माधवराव मागे उभे आहेत, तेच! मी ओळ टाकायची, त्यांनी तिचं शेपूट धरून परत आणायची. ओळ बरी असो, वाईट असो, सुरात असो, नसो... माधवराव, नसते ना कधीकधी? — बघा, मान हलली! झीलकऱ्याची मान एकाच रीतीने हलते मंडळी. वरून खाली!

आता हा श्रीपाद हुशार. पाण्याच्या नियोजनाचं पुढचं शिक्षण घ्यायचं, हा त्याचा ध्यास. त्यासाठी प्रवेशपरीक्षा. गणितात पोरगा वाघ! पण त्या परीक्षेत एक भाग असतो मतनिबंधाचा. एक विधान समोर टाकतात. अर्धा तास देतात. सांगा — पटतं की नाही, आणि का? इंग्रजीत लिहायचं. इंग्रजीचं भय नव्हतं हो! मताचं होतं. गेल्या वर्षी तिथेच आपटला. आणि मामांनी सांगून ठेवलेलं — "यंदा बघ. नाही जमलं, तर परीक्षा पुरे. माझ्यामागे ही गादी तूच चालवायचीस." म्हणजे हा अर्धा तास हुकला, की जन्म झांजांत गेला!

मग तो गेला लोखंडे बाईंकडे. देवळाच्या मागेच शाळा, तिथे बाई इंग्रजी शिकवायच्या. चष्मा नाकावर, लाल पेन केसांत खोवलेलं. बाईंनी विधान दिलं — "जुन्या चालीरीती टिकवणं हे समाजाचं पहिलं कर्तव्य आहे." श्रीपादने पानभर लिहिलं — अगदी खरं आहे! दुसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम उलटं दिलं — "जुन्या चालीरीती मोडल्याशिवाय समाज पुढे जात नाही." श्रीपादने पानभर लिहिलं — अगदी खरं आहे!

बाई म्हणाल्या, "श्रीपाद, काल तू चालीरीती टिकवल्यास, आज मोडल्यास. मधे झालं काय?"

"विधान बदललं, बाई."

हसू नका! तुमच्या घरी पाहुणा बदलला की तुमचं मत बदलत नाही?

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, हे विधान म्हणजे तुझे मामा नव्हेत! तू त्याच्या मागे उभा नाहीस. समोर उभा आहेस."

"मग नाही म्हणू?"

"नुसतं 'नाही' म्हणशील तर तीही झीलच. उलट्या चालीची! कुठपर्यंत पटतं आणि कुठून पुढे पटत नाही, ती रेघ दाखव. रेघ तिथेच का, ते सांग. मत म्हणजे एवढंच रे!"

ऐकायला सोपं. पण श्रीपाद पेन उचलायचा, आणि कानामागे कुणीतरी ओळ टाकल्यासारखं व्हायचं. हात आपोआप लिहायचा — अगदी खरं आहे!

एवढ्यात आला रामनवमीचा उत्सव. रोज संध्याकाळी कीर्तन. देवस्थानचे अध्यक्ष भोईटे अण्णा. त्यांनी देवळाच्या शिखराला चार भोंगे दिलेले, आणि प्रत्येक भोंग्यावर स्वतःचं नाव रंगवलेलं. आता आवाज कमी केला, तर नाव कसं ऐकू जाणार? आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या वार्षिक परीक्षा! लोखंडे बाई देवस्थानच्या बैठकीत गेल्या, हात जोडून म्हणाल्या, "पोरं अभ्यासाला बसतात. परीक्षा होईपर्यंत आवाज देवळापुरता ठेवा."

मागितलं एवढंच! पण अण्णांनी गावात काय पसरवलं? "मास्तरणीला देवाचं नाव खुपतं!"

आणि तीच बाई त्या संध्याकाळी कीर्तनाला येऊन बसली. बायकांच्या बाजूला, डोळे मिटून, हाताने ताल धरून.

पूर्वरंग झाला. आता बुवांना हार घालायची वेळ. मंडळी, ही मोठी धोक्याची वेळ! हार घालताना घालणाऱ्याचं तोंड बुवांच्या कानाशी येतं. अण्णांनी हार घातला आणि कानात म्हणाले, "बुवा, उत्तररंगात त्या मास्तरणीला जरा प्रसाद द्या. समोरच बसलीय."

बुवांच्या मागे कोण उभा? श्रीपाद! त्याने ऐकलं. झांजा हातातच गार झाल्या. म्हणाला मनाशी — मामा नाही करणार. मामा असं नाही करणार.

दिगंबरबुवा वाईट माणूस नव्हता हो. पण गळ्यात ताजा हार असला की मान जड होते. बुवांनी चिपळ्या उचलल्या, स्त्रियांच्या बाजूला बघितलं आणि जागच्या जागी ओळ रचली —

घुबडाचे डोळां सलतसे सूर्य।
अभाग्याचे कानी नाम सले॥

सगळ्या माना वळल्या. बाईंनी डोळे उघडले. ताल धरणारा हात तसाच अधांतरी राहिला.

आता झील यायची. "नाम सले, नाम सले" — एवढंच म्हणायचं. लहानपणापासूनची सवय! श्रीपादचं तोंड उघडलंसुद्धा...

आणि आवाज आला नाही.

मंडळी, कीर्तनात झील आली नाही, तर कसं वाटतं? जिना उतरताना शेवटची पायरी असेल म्हणून पाय टाकावा — आणि ती नसावी! तसं झालं. तबलजीने ठेका सांभाळला. बुवांनी ओळ पुन्हा टाकली, जरा चढ्या आवाजात. "अभाग्याचे कानी — नाम सले!"

नाही.

पेटीवाल्याने कोपराने ढोसलं. "श्रीप्या! म्हण की!"  श्रीपादच्या डोळ्यांपुढे मामाच्या घरचं ताट. समोर बाई. आणि ज्या गादीवर मामा उभा, तिथे उभ्या माणसाला थोरामोठ्यांनीसुद्धा वाकायचं असतं, उलट बोलायचं नसतं! बोललो तर घर गेलं. गप्प राहिलो तर — गप्प राहिलो तर उद्या तोच अर्धा तास, आणि तेच 'अगदी खरं आहे'!

बुवांनी तिसऱ्यांदा ओळ टाकली, आणि जे कीर्तनकार कधी करत नाही ते केलं. मागे वळून बघितलं!

श्रीपादने तोंड उघडलं. आणि सूर लागला. बारीक, पण लागला —

नाम नव्हे बुवा, भोंगा सले!

 आणि गंमत बघा — चारही भोंगे चालू! जी ओळ देवळातसुद्धा कुणी म्हणायला नको होती, ती पार वेशीपलीकडच्या शेतात ऐकू गेली. अण्णांच्या नावासकट!

अण्णा ताडकन उठले. "उतरवा त्याला खाली! गादीचा अपमान!"

बुवा हलले नाहीत. भाच्याकडे बघत राहिले. चिपळ्या धरलेली मूठ आवळलेली. आता ह्याच मुठीने थोबाडीत बसणार, असं पुढच्या रांगेला वाटलं. श्रीपादने डोळे मिटून घेतले. पण बुवा पडले जुने कलावंत. रागावलेल्या माणसाच्या आतही एक कान असतो हो! त्या कानाने अक्षरं मोजली. चरण बरोबर. सूर बरोबर. समेवर पोचला तोही बरोबर.

"अण्णा, बसा," बुवा म्हणाले. "ओळ चुकली असती, तर मीच उतरवला असता."

मग भोंगेवाल्याकडे हात केला. "बंद कर."

आणि बुवा भोंग्याशिवाय गाऊ लागले. कित्येक वर्षांनी! आवाज कापरा निघाला, वरच्या सुराला फाटला. मागच्यांना ऐकू जाईना. मग मागचे सरकत सरकत पुढे आले. घुबडाची ओळ बुवांनी पुन्हा घेतली नाही. बाईंचा अधांतरी राहिलेला हात हळूच खाली आला — टाळीवर.

मिटलं म्हणता? छे! मामा घरी जेवताना "मीठ दे" यापलीकडे बोलले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाले, "आजपासून माझ्या मागे उभं राहायचं नाही." शिक्षा होती की आशीर्वाद? श्रीपादला कळलं नाही. मलाही सांगता येत नाही.

परीक्षेचा दिवस आला. संगणकाच्या पडद्यावर विधान उमटलं — "ऐक्य टिकवायचं असेल, तर माणसाने आपला मतभेद मनातच ठेवावा." बोटं आपोआप निघाली... अगदी... अगदी ख... थांबला! सवयीने पुढे बघितलं, मामाची पाठ दिसते का म्हणून. पुढे कुणीच नव्हतं. नुसतं विधान होतं. समोर.

पहिलं वाक्य त्याने लिहिलं — ऐक्य हवं, इथपर्यंत मला मान्य आहे. मग ओढली रेघ! उदाहरण म्हणून दिले चार भोंगे आणि एक ओळ. वेळ संपली तेव्हा तो अजून लिहीतच होता.

प्रवेश मिळाला. निरोप सांगायला तो मामांसमोर उभा राहिला. मामा म्हणाले, "तिथे कुणाची री ओढू नकोस." आणि दाराआड जाऊन डोळे पुसून आले. मी पाहिलं नाही हो! मामींनी सांगितलं.

तर मंडळी, कळलं? आपल्याला मत कधी विचारतात, तर पाच वर्षांतून एकदा. पण ओळ रोज टाकली जाते! घरात, कचेरीत, पंगतीत — कुणाला तरी घुबड म्हटलं जातं, आणि आपण मागून म्हणतो, नाम सले, नाम सले! पटलं की नाही?

"पटलं"? सगळ्यांना? एका सुरात? अहो, मग एवढा वेळ मी कुणापुढे ओरडलो!

असो. आधी त्या वरच्या भोंग्याचा कान पिळा. मागच्या गल्लीत खिडकीत दिवा दिसतोय, कुणीतरी पुस्तक घेऊन बसलंय. आता शेवटचा गजर मी एकट्याने सुरू करतो. ज्याला मनापासून म्हणावासा वाटेल, त्यानेच म्हणायचा. ज्याला नाही वाटणार, त्याने खुशाल गप्प बसावं. ती शांतताही देवाच्या पायाशी पोचते.

माधवराव, तुम्हीसुद्धा! बघू या, मागून काय येतं.