कॅप्टनची चूक

रत्नागिरी स्टँडवर मृणाली मांडीवरच्या लेकीला थोपटत बसली होती. शेजारी एक बापलेक मालगुंडच्या गाडीची वाट बघत होते. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर येतच होतं.

"नापास म्हणजे? विमान पाडलंस काय?"

"खरं विमान नसतं, बाबा. नकली कॉकपिट. कॅप्टनने विमान फार खाली नेलं आणि मी गप्प राहिलो."

"मग त्याला नापास करा!"

"ते मुद्दाम चुकले. शेजारचा वैमानिक टोकतो का, ते बघतात. आमच्या बॅचचे निम्मे त्यातच गेले."

"मुद्दाम? एवढा मोठा माणूस?"

"तुमच्याच वयाचे होते. त्यांना कसं सांगायचं, तुमचं चुकतंय म्हणून?"

"मेल्या, तोंडात सुपारी धरली होतीस? आणि आता?"

"आता एकच संधी. नाहीतर नोकरी गेली."

"मग बोलायला शीक. समोर कोण का असेना, भ्यायचं नाही. ती बघ, लागली आपली गाडी. ऊठ."

मृणालीने गाडीची पाटी वाचली. गुहागर. मुलानेही वाचली.

"बाबा..."

"काय रे?"

"काही नाही."

त्याने दोन्ही पिशव्या उचलल्या आणि वडिलांच्या मागोमाग तो गाडीत चढला.