उजवीकडची नथ

माया: आई, तिथेच थांबा, दारातूनच बघा. जोरात आत आलात तर रंग उडेल. पंखासुद्धा बंद ठेवलाय मी.

रमाबाई: मी काय वादळ आहे गो? चप्पल बाहेर काढली, पदर खोचला. सासू आहे म्हणून एवढं भ्यायला नको. अगो माझ्या बाय, एवढी मोठी मी?

हितेंद्र: सहा फूट, आई. अख्ख्या व्यायामशाळेत एवढी मोठी रांगोळी दुसरी नाही. एका बाजूला क्रिकेटर, दुसऱ्या बाजूला हिरो, आणि मधोमध तू.

रमाबाई: तेच म्हणते मी. नायगावातले लोक संध्याकाळी प्रदर्शन बघायला येणार, नि मधोमध मी. माझ्यात काय बघायचंय? म्हणून तर मी येणार नाही म्हटलं. आता डबा द्यायच्या निमित्ताने आले तेवढंच.

माया: मंडळाने विचारलं, मधली जागा तुला देतो, कुणाला काढशील? मी म्हटलं, सासूबाईंना. मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

रमाबाई: हं. माया, एक विचारू? रागावू नकोस.

माया: विचारा ना.

रमाबाई: माझी नथ उजवीकडे कशी?

माया: कुठे?

रमाबाई: बघ की. आणि पदर पण उजव्या खांद्यावर. गुजराती शेठाणी करून टाकलंस मला.

हितेंद्र: च्यायला. खरंच की.

माया: असं कसं होईल? कॉम्प्युटरवरचा फोटो बघून इंच-इंच भरलंय मी. हितेंद्र, उघड तो फोटो.

हितेंद्र: हा घे. यात पण उजवीकडेच आहे.

रमाबाई: तुझं ते फुकटचं ॲप. फुकटात मिळतं ते असंच असणार, मी तेव्हाच म्हटलं होतं.

हितेंद्र: ॲपला नको बोलू हां. तुझ्या फोनची केबल या कॉम्प्युटरला लागत नव्हती. व्हॉट्सॲपवरून पाठवला तर मोठा करताना फुटत होता. या ॲपनेच जसाच्या तसा आणला. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर ठेवायचे, कोड स्कॅन करायचा, बस्स.

रमाबाई: आणला म्हणजे मीच पाठवला. ठिपक्यांचा तो चौकोन मी स्कॅन केला. तू नुसता मागे उभा राहून 'आई, हात हलवू नको' करत होतास.

हितेंद्र: आणि आधी भलतंच बटण दाबून अख्खा मोबाईल स्क्रीनवर दाखवलास, ते? मंडळाच्या पोरांनी तुझे सगळे गुड मॉर्निंग वाचले.

रमाबाई: वाचू देत. त्यातला गुडघेदुखीचा उपाय मंडळाच्या त्या कोंडीरामने लिहून घेतला. माझं काय गेलं?

माया: आई, हा फोटो काढला कुणी?

रमाबाई: मीच. सेल्फी आहे तो. माझ्या भाचीच्या, देविकाच्या लग्नातला.

हितेंद्र: मग झालं. तुझ्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा फोटो काढतो, डावं उजवीकडे. ॲपने बिचाऱ्याने मिळाला तो पोचवला. माया, टेन्शन नको घेऊ, स्क्रीनवर एका बटणात सरळ होतो तो.

माया: स्क्रीनवर होईल रे. जमिनीवरचा कुठल्या बटणाने सरळ करू?

हितेंद्र: पाचला दार उघडणार. वेळ आहे अजून. नाक आणि खांदा तेवढा बदल ना.

माया: नाकाला हात लावला की गाल जातो. चिमटी-चिमटीने बसवलेला रंग आहे, एकदा हलला की मातकट होतो. आणि तेवढंच नाहीये. लग्न झाल्यापासून रोज यांच्यासमोर बसून जेवते मी. तरी नथ कुठल्या बाजूला ते मला कळलं नाही?

हितेंद्र: चौकोन आखून एकेक भरत जातेस तू. त्यात कुठून कळणार?

माया: दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तर चाललं असतं. मी सून आहे यांची. पहिल्यांदा मधली जागा मिळाली, आणि लोक येऊन नथेला हसणार. सरक, नाकापासून सुरू करते.

रमाबाई: हात मागे घे.

माया: आई, वेळ जातोय.

रमाबाई: मागे घे म्हणते ना. मला नीट बघू दे.

(रमाबाई भिंतीच्या कडेने जपून चालत रांगोळीच्या पायथ्याशी येतात आणि बराच वेळ बघत राहतात.)

रमाबाई: घरात माझे ढीगभर फोटो आहेत. तुमच्या लग्नातले, बारशातले. सगळ्यांत कोणतरी बाई उभी असते. बाई चांगली आहे, पण मला ओळखीची वाटत नाही. या एकाच फोटोत मी मला मी वाटले, म्हणून हाच पाठवला. का वाटले, ते आता कळलं.

माया: का?

रमाबाई: आजवर नथ घातली ती आरशात बघून. आरशातल्या बाईची नथ याच बाजूला असते. तुम्ही सगळ्यांनी मला समोरून बघितलं, हिला फक्त मीच बघितलं होतं. आता तू बघितलंस. ओठाचा हा कोपरा बघ, हसू दाबलं की वर जातो. तोही नाही सोडलास.

हितेंद्र: आई, ते सगळं ठीक आहे. पण लोक चूकच म्हणणार. त्यांना कोण समजावणार?

रमाबाई: मी. लाज वाटत होती म्हणून घरी बसणार होते. आता इथेच उभी राहते. नथ उलटी का म्हणून जो विचारेल त्याला सांगते, ही रमाबाई स्वतःला दिसते तशी आहे, आणि माझ्या सुनेने काढलीय.

माया: आई, रडवू नका. पाण्याचा थेंब पडला तरी डाग पडेल.

रमाबाई: मग बाहेर जाऊन रड. मला तुझा अभिमान वाटतो गो. घरी निवांत सांगणार होते, आता बोलून गेले. हितेंद्र, तू घरी जा. कपाटातली हिरवी साडी आण, आणि नथेची डबी.

हितेंद्र: आरसा पण आणू? इथे एकही नाहीये.

रमाबाई: आरसा कशाला? ही आहे ना समोर.