भोंगा वाजेपर्यंत

"हॅलो?… हॅलो, कोण?… बेबी? अगं, मोठ्याने बोल ना जरा, काही ऐकू येत नाही… हं. हं. आता येतंय. बोल."

थोरलीने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला. हात मोकळे नव्हते. मागच्या खोलीतला पलंग भिंतीला सरकवून, चटईच्या एका टोकाला पोकळ प्लॅस्टिकचे चेंडू मांडून आणि दुसऱ्या टोकाला धुण्याची टोपली ठेवून ती गेला तासभर वेज घेऊन उभी होती. वेज म्हणजे गोल्फमधली उताराच्या पात्याची आखूड काठी, ग्रीनजवळच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीजवळच्या, लहान फटक्यांची. मनगटाच्या शस्त्रक्रियेला दहा आठवडे झाले होते. डॉक्टरांनी "हळूहळू" म्हटलं होतं, आणि हळूहळू हा शब्द तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"नाही गं, मोकळीच आहे. देवाचं आटोपलं, हे वाचत बसलेत पुढच्या खोलीत. तू कुठे आहेस? केवढा गलका आहे… सरावाला? आज? अगं, पण ग्रीन बंद आहेत ना?… बाजूच्या सरावाच्या पट्टीवर होय. बरं बरं. मग?… काय होतंय?… चेंडूच्या डोक्यावर बसतेय काठी. हं. आणि तो सुसाट पलीकडे. हं… हो, हो… अगं ऐक ना, आधी मला सांग, तू चेंडू उचलायला बघतेयस का? खालून खरवडून वर काढायला? कढईतून पुरी काढल्यासारखा?… मग! नऊ वर्षं तेच सांगतेय बाई. चेंडू आपण उचलायचा नसतो. पात्याला उतार कशाला दिलाय मग? तो त्याचं काम करतो. आपण फक्त मध्ये यायचं नाही."

ती हसली. धाकटी बहीण बेबी पन्नाशीला आली तरी थोरलीच्या आवाजात तिच्यासाठी अजून शाळेची वेणी घालून द्यायची सवय होती.

"घे, उभी राहा. पाय जवळ. अजून जवळ. चेंडू मागच्या पायाच्या बाजूला. अंगाचा भार पुढच्या पायावर टाक आणि तिथेच राहू दे, मागे-पुढे झुलायचं नाही. हात चेंडूच्या जरा पुढे… हो. आणि मनगट गप्प. एकदम गप्प. खांदे हलतील तेवढेच हात हलणार. झाडू मारतो तसं, गवत नुसतं घासून जायचं. चेंडू ग्रीनवर दोन पावलं आत पडेल आणि मग सरपटत जाईल झेंड्याकडे. झाली चिप… लिहून कसली घेतेस, वेडे! इतक्यांदा मारलीस माझ्यासमोर… बरं, घे लिहून.

"अगं, तुला एक सांगायचंय. नाही, थांब, सांगतेच. आज वीसपैकी चौदा! टोपलीत. अगं माझे, माझे! वीसपैकी चौदा, आणि हात एकदाही थरथरला नाही. मी तुला सांगणार नव्हते. म्हटलं, स्पर्धेची नवी तारीख लागली की सरळ मैदानावरच दाखवू बेबीला… तू ऐकतेयस ना?… मग गप्प का झालीस?"

बहिणींची ती जोडी क्लबात सगळ्यांना ठाऊक होती. जोड्यांच्या स्पर्धेत दोघींत मिळून एकच चेंडू, एक फटका हिचा, एक तिचा. पाळी जुळेल तिथे लांबचं धाकटीने मारायचं, जवळचं थोरलीने सांभाळायचं. गेल्या वर्षी शेवटच्या, अठराव्या होलवर थोरलीचा हात थरथरला, चेंडू वीतभरच सरकला, आणि चषक एका फटक्याने गेला. यंदाची स्पर्धा तर लांबणीवरच पडली होती. तीन आठवड्यांपूर्वी बेबीनेच घरी येऊन सांगितलं होतं, ग्रीनच्या गवताला बुरशी लागली आहे म्हणून.

"मध्ये काय आहे म्हणालीस?… वाळूचा खड्डा? चेंडू आणि झेंड्याच्या मध्ये? अगं, मग आधी नाही का सांगायचं! मग चिप काय कामाची, ती जाईल सरपटत थेट वाळूत. तिथे पिचचा फटका पाहिजे. वरून जायला हवा चेंडू, आणि पडल्यावर बसायला हवा जागेवर. पण बेबी… सरावाच्या पट्टीवर खड्डा कधी खणला?… नवीन? हं… तुमच्या तिथे काय जाहीर करतायत? कर्ण्यावर बोलतंय ना कुणीतरी? थांब. बोलू नकोस. थांब जरा."

तिने वेज पलंगाला टेकवली आणि फोन नीट हातात घेतला.

"'सर्व जोड्यांनी शेडमध्येच थांबावं. भोंगा वाजेपर्यंत कुणीही आपल्या चेंडूपाशी जाऊ नये.'

"असंच म्हणाला ना तो?

"बेबी, विजा चमकल्या म्हणून भोंगा वाजवून खेळ थांबवतात तो स्पर्धेच्या दिवशी. सरावाला आलेल्या माणसांसाठी कुणी भोंगा वाजवत नाही. आणि जोड्या कसल्या?… नाही, तू सांग… नाही, मला वाटतंय ते नको, तू सांग… बेबी, अठराव्या होलच्या मागे आहे तो खड्डा. मी ओळखते तो. गेल्या वर्षी त्याच्या काठावर उभी होते मी.

"म्हणजे आज आहे स्पर्धा."

पुढच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटलं. थोरली पलंगाच्या कडेवर बसली.

"बुरशी नव्हतीच?… अजिबात?… एका कोपऱ्यालाही नाही?

"नाही गं, ओरडत नाहीये मी. मी कधी ओरडले? एवढंच म्हणते की त्या गवतासाठी मी चहातली साखर सोडली होती. तीन आठवडे. रोज सकाळी दिवा लावला की माणसांची नावं घेऊन झाल्यावर शेवटी म्हणायचे, त्या गवतालाही बरं वाटू दे… हसतेयस?… रडतेयस. बरं. मला फोनवर कळत नाही. रडू नकोस, लोक बघतील. नाक पूस.

"कोणाबरोबर खेळतेयस?

"ते नंतर नाही, आत्ता. कोण आहे जोडीला?… क्लबातलीच म्हणजे कोण? नाव नाही का तिला?… अगं, सांगायला एवढं काय…"

आणि मग ती थांबली. तिकडून तिला काहीतरी ऐकू आलं होतं. कोरडा, तीनदा येणारा, शेवटी घसा खाकरणारा खोकला.

"हा खोकला मी ओळखते.

"सकाळी सहाला मीच तिला औषध दिलं, चमचा धुऊन. म्हणाली, आई, मी माहेरी जाऊन येते, आईच्या गुडघ्याला बरं नाही. मी म्हटलं, जा, सावकाश ये, स्वयंपाकाचं बघते मी. डबासुद्धा बांधून दिला विहीणबाईंसाठी… खाल्लात?… दोघींनी?… हं. मीठ बरोबर होतं ना? घाईत घातलं होतं.

"नाही, तिला फोन नको देऊस. तिच्याशी मी घरी बोलेन, ती घरी येणार आहे. तुझ्याशी मात्र आत्ताच बोलायचंय… सूनबाईला चिप कुणी शिकवली बेबी? याच खोलीत, याच चटईवर, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तिला इथे करमत नव्हतं म्हणून. मला वाटायचं, हिच्या हातात काठी दिली की ही आपली होईल. झाली की. तुमची झाली.

"काय?… हो, माझा हात. माझा हात थरथरतो, ते मला माहीत आहे, हात माझाच आहे… मग तोंडावर सांगायचं! 'ताई, यंदा तू नको.' चार शब्द. मी काय केलं असतं? घरात बसून अबोला धरला असता? अगं, मी शेडमध्ये पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले असते. टाळ्या वाजवल्या असत्या… वाईट वाटलं असतं, हो, वाटलं असतं. वाईट वाटून घ्यायचा हक्क होता ना माझा? तोही तुम्ही परस्पर वाटून घेतलात.

"यांना माहीत होतं?

"…बरं. म्हणजे घरात एक मी सोडून सगळ्यांना."

पुढच्या खोलीतलं वर्तमानपत्र आता अगदीच गप्प होतं. थोरलीने उठून मधलं दार हलकेच लोटून घेतलं.

"हॅलो… हो, आहे मी. बोल… नाही, चषकाचं नको सांगूस मला. बरोबरीत आहात? कोणाशी? डॉक्टरीणबाईंच्या जोडीशी? आणि त्यांचा चेंडू ग्रीनवर, तुमचा मागे गवतात. सूनबाईचा फटका लांब गेला, आता तुझी पाळी. समजलं. सगळं समजलं. आणि विजा चमकल्या, खेळ थांबला, आणि तेवढ्यात तुला ताई आठवली.

"चालतं हे नियमात, म्हणतेस. चालतं. एरवी खेळ सुरू असताना आपल्या जोडीदाराशिवाय नि आपली पिशवी उचलणाऱ्याशिवाय कुणाला फटक्याचं विचारलं की दोन फटके दंड, पण भोंग्याने खेळ थांबला असेल तर पुन्हा भोंगा वाजेपर्यंत कुणालाही विचारता येतं. मला माहीत आहे. मीच वाचून दाखवलं होतं तुला, सहा वर्षांपूर्वी, त्याच शेडमध्ये, तुझ्या डोक्यावर माझा टॉवेल होता. तेव्हा तू म्हणालीस, 'आपल्याला काय करायचंय कुणा परक्याला विचारून, ताई?'

"…नाही, टोमणा नाही. आठवलं ते सांगितलं.

"अगं, चषक काय, कपाटावर धूळ खातो. मला तुझ्याशेजारी उभं राहायचं होतं बेबी. वर्षातून एक दिवस. त्या दिवशी आपण कुणाची बायको नाही, कुणाची सासू नाही. तू मारलेला चेंडू मी पुढे न्यायचा, मी मारलेला तू. हात जरा चालायला लागल्यापासून त्यासाठी टोपलीत चेंडू टाकतेय मी. आणि तू दर बुधवारी येऊन माझ्या हातचा चहा पिऊन, मनगट दाबून बघून, 'ताई, घाई करू नकोस' म्हणून जायचीस. मला वाटायचं, किती काळजी करते.

"एक विचारू?… खरं सांगशील?… तुला काय वाटतं, मी पिच सांगणार नाही? सांगेन. तू खरं सांगितलंस तरी सांगेन आणि नाही सांगितलंस तरी. मला येतं ते मी कधी झाकून ठेवलंय? फक्त विचारते. 'ताईला घ्यायचं नाही' हे पहिल्यांदा कोण म्हणालं?… सूनबाई?… नक्की?… मग हे म्हणाले?… अगं, एकाचं नाव घे… कमिटीचा काय संबंध, कमिटी जोड्या लावत नाही… बेबी. माझ्याकडे बघून बोलतेयस असं समज आणि सांग."

मनगटावरचा टाक्यांचा व्रण थोरली दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळत राहिली. खिडकीबाहेर ढग उतरले होते, पण वीज चमकून गेली त्याला आता खूप वेळ झाला होता.

"तू.

"…बरं.

"नाही, रागावले नाही. दुखलं. दुखलं की माणूस जरा वेळ गप्प बसतो, एवढंच… माफी आत्ता नको, घाईत मागितलेली माफी दोघींनाही पुरत नाही. आत्ता फटक्याचं बघ. ऐक. चिपचं मघाशी सांगितलं ते सगळं विसर, इथे त्याचा उपयोग नाही. पाय आता लांब, खांद्यांइतके. चेंडू मधोमध. पातं जरा उघडं, आभाळाकडे बघेल असं. काठी जेवढी मागे नेशील तेवढीच पुढे जाऊ दे, मध्येच घाबरून थांबू नकोस, थांबतेस तू, तिथेच वाळूत जातो चेंडू. छाती शेवटी झेंड्याकडे वळली पाहिजे. आणि मनगटाचं मात्र नीट ऐक, चिपमध्ये गप्प ठेवायला सांगितलं होतं ना, पिचमध्ये मनगट…"

ती थांबली.

"वाजला.

"…हो, मलाही ऐकू आला. लांबलचक वाजला. खेळ सुरू.

"नाही बेबी… नाही, एवढंच म्हणून पण नाही. भोंगा झाला. आता मी शब्द काढला तर तुम्हाला दोन फटके दंड… कुणाला कळणार म्हणजे? तुला कळेल. मला कळेल. ज्याच्यापुढे मी रोज दिवा लावते त्याला कळेल… अगं, सूड कसला, मला सूड घ्यायचा असता तर मघाशीच फोन ठेवला असता. तुझा चेंडू वाळूत जावा असं मी मनातसुद्धा आणलेलं नाही. पण तू विचारतेयस ते आता फक्त जोडीदाराला विचारता येतं.

"आहे ना ती शेजारी? विचार तिला.

"तिला माहीत नाही?… नाही, तिला माहीत नसणार. चिपपर्यंतच शिकवलं होतं मी तिला. पिच मी कुणालाच शिकवली नाही. आपल्या जोडीत ती मीच मारायचे.

"जा आता, पंच बोलावत असतील. जा.

"…नाही, बेबी. ठेवते."

आणि बेबी पलीकडून अजून "ताई, ताई" म्हणत असतानाच तिने फोन ठेवला.