काळ्या चष्म्याआडचे डोळे

तुमी विचारता, बायकोला सगळं कळतं कसं. ऐका. मला शुगर निघाल्यापासून मी पेढे चोरून आणतो. ती नुसतं विचारते, “कुठं ठेवलेत?” मी तोंडानं न्हाई म्हणतो, पण डोळे आपसूक तिकडं जातात अन् पेढे सापडतात.

औंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि कडेनंबी झाकलेला काळा चष्मा मिळाला. मी लई खूश. केजवरून पेढे आणले, ज्वारीच्या कोठीमागं लपवले.

“कुठं ठेवलेत?”

“काय?”

ती सरळ कोठीमागं गेली. अर्धा पेढा माझ्या हातावर ठेवला, बाकीचे पदरात घेतले.

“आता कसं कळलं गं?”

“आवं, आदी नुसते डोळे वळायचे. आता आख्खं मुंडकं वळतंय.”