रविवारचा हात

— नाही म्हणजे नाही. बाबांच्या शवपेटीला त्या माणसाचा हात लागू देणार नाही मी.

— ताई, हळू बोल. फोरमन दाराबाहेरच उभे आहेत.

— ऐकू देत की! छापखान्यातले अक्षरांचे शिशाचे खिळे विकले याने आणि चोर ठरले आपले बाबा. अक्षरं जुळवणारा माणूस, नोकरी गेली आणि जन्मभर कुठल्याशा गोदामाची राखण करत बसला. आज तरी हा काही म्हणाला का? निदान चुकलं म्हणून?

— नाही. एवढंच म्हणाले, "एक बाजू धरू का?"

— बघ! अजून तोंडातून शब्द फुटत नाही.

— कधी फुटला होता? बावीस वर्षं चर्चमध्ये आपल्या पुढच्या बाकावर बसायचे. आपण त्यांच्या टकलाकडे बघत गाणी म्हणायचो.

— तू त्या टकलावरचे डाग मोजायचास. हसायचास तू आणि आईचा चिमटा मला!

— आणि प्रभुभोजनाआधी सगळे "शांती असो" म्हणत एकमेकांना हात द्यायचे, तेव्हा बाबा मुद्दाम पुढे वाकून त्यांना...

— मला काय सांगतोस? त्याआधी घरी काय चालायचं ते तुला कुठे ठाऊक आहे? तू बुटांच्या नाड्यांशी झटापट करत असायचास. बाबा स्वयंपाकघरात येऊन माझा हात हातात घ्यायचे. "सांग गं, जास्त दाबलं का? राग कळतोय का?"

— म्हणजे सराव करायचे?

— दर रविवारी. पहिल्या वर्षी तर मी कळवळायचे. बोटं लाल व्हायची. मग बाबा खजील होऊन माझा हात नळाखाली धरायचे. म्हणायचे, "थांब जरा. अजून जमत नाहीये."

— मला वाटायचं, तुझ्या वेण्यांमुळे उशीर होतो.

— सगळं खापर माझ्या वेण्यांवरच! पण हळूहळू तो हात सैल होत गेला रे. एका रविवारी मी म्हटलं, "बाबा, आज काहीच नाही कळलं." तर डोळे भरून आले त्यांचे. सोळा वर्षांची होते मी. फार सुंदर सकाळ होती ती.

— आणि फोरमन बदलले?

— छे! दोन बोटं पुढे करायचा, शेवटपर्यंत. बाबा म्हणायचे, "त्याचं तो आणि देव बघतील. माझ्यात काय वाढतंय तेवढं मी बघतो."

— मग आता काय सांगू त्यांना?

— मी बाबा नाही. मला राग येतोय. त्यांची आठवण येतेय आणि रागही येतोय.

— बाबांना किती वर्षं लागली?

— सहा. नाही, सात.

(बाहेर चर्चची घंटा वाजते.)

— ताई, पाळक खोळंबलेत. पेटी उचलायला तू नि मी धरून पाचच जण आहोत. सहावा लागेल.

— शेजारचे?

— तू सांगशील त्याला बोलावतो. मी काही म्हणणार नाही.

— ...पुढे उभं कर त्याला. उजवीकडे.

— आणि तू?

— मी त्यांच्याच मागे. पायऱ्या उतरताना तोल गेला तर सावरायला कोणीतरी हवं ना त्यांना.