घर रामप्रसादचं, शेजार बंकटरावांचा

—नाही काका, पाणी नको. एकदा पाणी प्यायलं की भांडायला तोंड राहत नाही, आणि मला ती सोय राखून ठेवायची आहे. बसते मी. ही खुर्ची चालेल? तुम्ही बोलत का नाही? बरं, नका बोलू, मीच बोलते. मी शिवकन्या. ऊसतोडीवाले अंगद, त्यांची मुलगी. तुमच्या शेजारचं हे रामप्रसादचं घर आम्ही घेणार आहोत — म्हणजे मी घेऊ म्हणते, घरचे नको म्हणतात — आणि ते नको म्हणतात त्याचं कारण तुम्ही आहात. म्हटलं, कारणालाच भेटून यावं. मोठ्या माणसांच्या बैठकीत सुपारी तेवढी संपते, निकाल काही लागत नाही. ही लाल बत्ती डासांच्या मशीनची का? भर दुपारी लावता? लावा, घर तुमचं, डास तुमचे.

तर तुम्ही कोण हे मला कुणी सांगायला नको. अंबाजोगाईला कॉलेजला जायचे ना, तेव्हा रोज केजच्या स्टँडवर तुमचा आवाज. प्रवाशांनी लक्ष द्यावे, गाडी रद्द करण्यात आलेली आहे. गाडी समोर उभी, ड्रायव्हर आत बसलेला, इंजिन चालू — तरी एक माणूस चढायचा नाही, कारण बंकटराव म्हणालेत रद्द. असा तुमचा शब्द. मग रिटायर झालात. झालात तर झालात, माणसं रिटायर होतात, नातवंडं खेळवतात, कुणाच्या तरी बांधाच्या भांडणात पंच होतात. तुम्ही काय केलं? कर्णा आणला, छपरावर बसवला आणि गल्ली चालवायला घेतली. 'सूचना. पंडित गुरुजींकडे पाहुणे आलेले आहेत. मुक्काम लांबण्याची शक्यता आहे.' आणि पाहुणे आत बसून ऐकतायत. 'मंजुषा सासरहून एकटीच आलेली आहे. परतीची वेळ नंतर जाहीर केली जाईल.' आणि हा रामप्रसाद, ज्याचं घर — 'रामप्रसाद आणि वत्सलाबाई यांच्यातील बोलणे अनिश्चित काळासाठी रद्द करण्यात आलेले आहे.' झालं, नवरा-बायकोनं घर विकायला काढलं. गंमत अशी की घर विकायच्या निमित्तानं त्यांचं बोलणं परत सुरू झालं, पण आता राहायला तोंड नाही म्हणतात. आणि काका, तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत, हे सगळी गल्ली कबूल करते. तीच तर तक्रार आहे. खोटारडा शेजारी परवडतो, त्याला खोटं पाडता येतं. तुमचं काय करायचं?

गल्ली मात्र शांत आहे. मला सांगितलं होतं इथं लई कालवा असतो. मी आत आले तेव्हा समोरच्या घरात टीव्ही चालू होता, तो पण कुणीतरी बंद केला. सज्जन माणूस दिसतोय. आणि तुमच्या घरात आवाज घुमतो, नाही? माझाच आवाज मला मागून येतोय. सामान कमी असलं की होतं असं.

माझी अडचण सांगते. दसरा झाला की आमची सगळी मंडळी कोयता घेऊन कारखान्याला निघतात, ती थेट उन्हाळ्यात परत. मी आता केजमधे शिकवणी घेते, मला जायचं नाही. मग मला ठेवायचं कुठं? भाड्याच्या खोलीत एकटी पोर ठेवायची न्हाई, हे ठरलेलं. यंदा आमच्या तात्यांनी — तात्या म्हणजे माझे चुलते, सुग्रीव — निकाल दिलाय: निघायच्या आधी एकतर पोरीला घर, न्हाईतर पोरीला नवरा. जे आधी मिळंल ते. बैल नाही मिळाला तर ट्रॅक्टर लावू, त्या चालीवर. तलवाड्याचं एक स्थळ तयारच ठेवलंय. आणि केजमधे आम्हाला झेपेल असं घर एकच, हे. झेपतं कावून? तर तुम्ही शेजारी आहात म्हणून. म्हणजे बघा, तुमच्यामुळेच घेता येतं आणि तुमच्यामुळेच घेत नाहीत. आता थोड्या वेळात मंडळी येतील रामप्रसादला नाही सांगायला. नारळ आणलाय, पण तो नाही म्हणतानाच देणार आहेत, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून.

आणि कारण काय सांगतात? 'शेजारी कर्णा हाय. आपली इज्जत चव्हाट्यावर जाईल.' मी म्हटलं, तात्या, इज्जत आहे तर जाऊ द्या की, लोकांना कळेल आपल्याकडे होती. चप्पल फेकून मारली. काका, यांना लपवायचंय काय, तर ऐका. आमच्या दगडाबाई आत्यानं कपिलधारला नवस बोललाय, घर होईपर्यंत चहा सोडला. सगळ्या भावकीत तिचं नाव झालं, पाया पडतात बाया. आणि ती रोज खुराड्यामागं बसून तांब्यातून चहा पिते. गार करून पिते — वाफ दिसली तर देवाला कळेल म्हणून. कोंबड्यांना सवय झालीय, ती खोकली की बाजूला सरकतात. आता तुम्ही शेजारी असलात तर 'दगडाबाईंचा चहा खुराड्यामागे लागलेला आहे' असं म्हणाल, ही तिची भीती. तात्यांचं काय, तर जत्रेत कुस्त्या मारल्या म्हणून ते आयुष्यभर सांगत आलेत. मारल्या नाहीत. पैलवानांचे कपडे सांभाळायला बसायचे. त्यातसुद्धा एकाचं धोतर हरवलं. मिशी काळी आहे ती पण डब्यातली, दर बाजाराच्या दिवशी दार लावून बसतात आणि आम्ही विचारलं तर हिशेब चाललाय म्हणतात. एवढी ही इज्जत. ही वाचवायला माझं लग्न.

हसलात? नाही. मला वाटलं हसलात. बाहेर कुणीतरी हसलं मग.

आणि अण्णा, माझे वडील. त्यांचं सांगणार नव्हते मी. बैठकीत सगळ्यात जोरात नको तेच म्हणतात. 'असला शेजार असल्यावर फुकट दिलं तरी घ्यायचं न्हाई.' आणि रोज सकाळी टोळीच्या माणसांकडे जाऊन येतो म्हणून निघतात, ते इथं त्या पिठाच्या गिरणीपाशी येऊन उभे राहतात. दळण नसताना. मी बघितलं, मी मागं गेलते. नुसतं या घराकडं बघत उभे. एकदा रामप्रसादकडून किल्ली घेऊन आत गेले. काका, दार चांगलं उंच आहे, बघितलंय ना तुम्ही? तरी वाकून आत गेले. कारखान्यावर कोपीत राहायचं म्हणजे पाचट-बांबूची ती, ताठ उभं राहता येत नाही, तीच सवय. आत जाऊन भिंतीला हात लावला, मग मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, 'इथं चार कोयते झोपतील.' आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, माणसं तशीच मोजतात. माझी आत्या विधवा, ती अर्धा कोयता. मग एकटेच असून हळू आवाजात म्हणाले, 'अन् शिवीला एक खोली.' मी खिडकीशी होते. शिवी म्हणतात मला. मी किती कोयता ते अजून कुणी ठरवलेलं नाही. आता हा माणूस घरी येऊन मोठ्या भावापुढं नको म्हणतो — कावून? तर हो म्हटलं आणि उद्या कर्ण्यावर काही आलं तर भाऊ म्हणेल, बघ, म्हटलं होतं. या एका 'बघ, म्हटलं होतं'ला माझा बाप जन्मभर भ्यालाय. राग येतो मला. भावाचा नाही, अण्णांचाच येतो. आणि येत पण नाही.

ते राहू द्या. तलवाड्याच्या स्थळाची तुम्ही काळजी करू नका, ते मी मोडलंय. घरी माहीत नाही. आत्याच्या आवाजात फोन केला मीच — मला तिचा आवाज जमतो — 'पाव्हणं, पोरगी गुणाची हाय, निस्ती झोपेत चालती, अन् हातात काय घावंल ते घेऊन चालती. आमच्यात कोयते लई.' पलीकडचे म्हणाले, विचार करून कळवतो. तेव्हापासून विचारच करतायत. घरचे म्हणतात, मोठी माणसं आहेत, सवडीनं कळवतील.

तर माझं म्हणणं एवढंच: तुम्ही आमच्या घराबद्दल काही बोलायचं नाही. एवढं वचन द्या, मी आत्ता जाऊन सांगते त्यांना. मान तरी हलवा. काय उकडतंय इथं. हा रुमाल घेऊ का, घाम—

हा माईक आहे.

काका, हा चालू आहे.

केव्हापासून? पाणी नको म्हटलं तेव्हापासून?

म्हणजे ती लाल बत्ती. आणि तो टीव्ही. आणि ते हसणं. खिडकी उघडते थांबा — आई गं. अख्खी गल्ली दारात उभी आहे. पंडित गुरुजी हात बांधून उभे आहेत, प्रार्थनेला उभे राहतात तसे. आणि निंबाखाली आमची मंडळी. आत्यानं पदर पार डोक्यावरून खाली ओढलाय. तात्यांचा हात मिशीवर, काढायला तयार नाहीत. नारळ अण्णांच्या हातात आहे. अण्णा माझ्याकडे बघत नाहीत, दाराकडे बघतायत. दार किती उंच आहे ते बघतायत.

नाही, थांबा, बंद नका करू. हात काढा त्या बटणावरून. मला एक सांगा काका, आता तुमच्याकडे आमचं सांगण्यासारखं राहिलं काय? चहा झाला, मिशी झाली, तलवाडा झाला, अण्णा झाले. आमच्या घरात एवढाच माल होता, तो मीच संपवला. ज्या गोष्टीला भीत होते ती होऊन गेली, आणि बघा, सगळे उभेच आहेत, कुणी मेलं नाही. आता या कर्ण्याला जर केजात कुणी भ्यायचं नसेल तर ते आम्ही. द्या इकडे. आवाज येतोय का? येतोय.

सूचना. सगळ्यांनी लक्ष द्यावे. अंगद यांची मुलगी शिवकन्या रामप्रसादच्या घरी कायम मुक्कामाला आलेली आहे. तलवाड्याकडे जाणारी गाडी रद्द करण्यात आलेली आहे. घर झालेलं असल्यामुळे दगडाबाईंचा नवस फिटलेला आहे, त्यांनी चहा गरम प्यावा. सुग्रीवतात्यांनी हात खाली घ्यावा, रंग हाताला लागतो. अण्णा, नारळ फोडा. फोडा अण्णा, भावाकडे नका बघू, दगड तुमच्या पायापाशीच आहे.

…फोडला.

बंद करा आता. आणि ते पाणी आणा मघाचं.